चिनी मातीच्या दाढा

माझी उजवीकडची दाढ तुटली ती दहीभात खाताना. कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही पॅकिंगच्या बायका जेवायला बसलो होतो. भातात खडा आला असं वाटून मी तो तोंडातून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. पिवळट पांढरा, एका बाजूने धारदार. शेजारच्या बाईने तो निरखून पाहिला आणि म्हणाली, "अगं, खडा नाही हा. दात आहे."

नव्वद साल उलटून गेलेलं होतं. मी पस्तिशीच्या पुढे होते. सांगलीकडच्या ज्या गावात मी वाढले तिथे आम्ही मुली दातांनीच ऊस सोलायचो आणि दातांचा विचार कधी कुणी केला नाही. पण ते वर्षभर गार पाणी प्यायलं की दाढेतून थेट कानापर्यंत कळ जायची. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असायचा, कानशिलं ठणकायची. मला वाटायचं, पावडरचा त्रास असेल. आमच्या खात्यात रंगाची पावडर ड्रममध्ये भरायचं काम होतं. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी पावडर आत जायचीच. थुंकलं की कधी पिवळं, कधी लाल.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात मला नोकरी कशी लागली, ते आधी सांगायला हवं.

लग्न होऊन मी इथे आले ती सत्तरचं दशक संपता संपता. नवरा त्या कारखान्यात ऑपरेटर होता. पास्थळजवळ एका चाळीत आमची एक खोली आणि पुढे पडवी होती. घरमालकीण घिवलीची, समुद्राकाठची बाई, बोलायला मोकळी आणि आवाजाला मोठी. मूलबाळ झालं नाही, पण तेव्हा त्याचं दुःख करायला वेळ आहे असं वाटायचं. नवरा बोलका होता. पाळीवरून आला की हात धुता धुता बोलायला लागायचा, कोण फोरमन कुणाला काय म्हणाला, कुणाची कशी फजिती झाली. मी भाकरी थापत ऐकायची आणि हसायची.

मग एके दिवशी कॉस्टिक सोड्याच्या पाइपचा जोड सुटला आणि आतलं गरम कॉस्टिक त्यांच्या तोंडावर उडालं. लोकांनी पाणी मारलं, जीपमध्ये घालून मुंबईला नेलं. मी तिथे पोचले तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि ते मला विचारत होते, "रात्र झाली का?" बाहेर दुपार होती. कित्येक महिने इस्पितळात काढले. डावा डोळा गेलाच. उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार एवढं कळायचं, बाकी काही नाही.

कंपनीने मला पॅकिंगला घेतलं. सगळे म्हणाले, कंपनी भली आहे, नाहीतर कोण विचारतो. मीही तसंच म्हणायची. ज्या गेटातून त्यांना बेशुद्ध बाहेर आणलं त्याच गेटातून मी डबा घेऊन आत जायला लागले.

ते दिवसभर पडवीत बसायचे. हळूहळू चहा करायला शिकले, लसूण सोलायचे, माठ भरून ठेवायचे. शेजारी घरमालकीण येता-जाता बघायची. पण बोलणं गेलं. आवाज काही गेला नव्हता, बोलणंच संपलं. मी घरी आले की म्हणायचे, "आलीस?" मी म्हणायची, "आले." मग जेवायला वाढलंय, पुढे पाय टाकू नका, ओलं आहे, उद्या लाइट जाणार आहे. अशी सात-आठ वर्षं गेली. भांडण एकदाही झालं नाही. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना आमचं उदाहरण द्यायच्या.

दाढ तुटली त्या संध्याकाळी मी लवंग धरून बसले होते. घरमालकीण सुका जवळा द्यायला आली आणि माझा गाल बघून ओरडली, "लवंग धरून काय होनार हाय? तुमी त्या नव्या डाक्टरनीकडं जा. टेसनाजवळ बसते ती. माज्या सुनंचा दात तिनं काडला, कळला पन नाय तिला."

पडवीतून हे म्हणाले, "मी येतो बरोबर."

मला नवल वाटलं. ते कधी कुठे यायचे नाहीत. चपला शोधत ते आधीच उठले होते.

दवाखाना एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टरबाई तरुण होती, मूळची पालघरची, मुंबईत शिकलेली. तिने मला खुर्चीत आडवं केलं आणि तोंडात आरसा घातला. दाढ काढून टाका, एवढंच सांगायला मी आले होते. तिने पाठच्या सगळ्या दाढा एकेक करून बोटाने चाचपल्या.

"ताई, तुम्ही कडक काही खाता का? सुपारी? मिश्री लावता?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"तुमच्या दाढा घासून सपाट झाल्यात. वरचं कवच उरलंच नाही. म्हणून गार लागतं, म्हणून तुटली. ही कीड नाही." मग तिने माझ्याकडे न बघता, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "भाऊ, या झोपेत दात खातात का?"

मी उठून बसायच्या आत ते म्हणाले, "रोज."

"कधीपासून?"

"मी घरी बसल्यापासून ऐकतोय. आधीही खात असेल, तेव्हा मला झोप लागायची."

मला हे काहीच माहीत नव्हतं. सात-आठ वर्षं एका खोलीत झोपणाऱ्या माणसाने ही गोष्ट मला सांगितली नव्हती, आणि आज एका परक्या मुलीसमोर, पाऊस पडतोय असं सांगावं तशी सांगून टाकली. मला लाज वाटली, रागही आला. तोंडात कापूस होता म्हणून बोलता आलं नाही.

डॉक्टरबाईने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे दाढेचं मूळ साफ करून, ती चारी बाजूंनी तासून वर धातूची टोपी बसवायची. दुसरी वाट तेव्हा आमच्याकडे नवीन होती. दाढेचा फक्त वरचा, चावायचा भाग जरासा सारखा करायचा आणि त्यावर चिनी मातीचं पातळ कवच चिकटवायचं. "कपबशी असते ना, त्याच जातीचं, पण खूप बारीक आणि मजबूत," ती म्हणाली. "तुटलेली धरून तुमच्या तीन दाढांना अजून पुष्कळ जीव आहे. तासून टाकायला माझा हात धजत नाही. पण एक सांगते, चिनी मातीला तुमचं हे दात खाणं सोसणार नाही. रात्री प्लास्टिकची पट्टी लावून झोपावं लागेल. ते कबूल असेल तरच करू."

मी कबूल म्हटलं. तिने एका पत्र्याच्या चमच्यात गुलाबी लगदा भरून माझ्या तोंडात दाबला. उलटी येईल असं वाटत होतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "नाकाने श्वास घ्या, ताई, झालंच, झालंच."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा गेलो. टेबलावर माझ्या दातांचा प्लास्टरचा साचा ठेवला होता. मी तो पाहिला आणि नजर वळवली. आपलं तोंड असं बाहेर काढून ठेवलेलं बघवत नाही. साचा छान आलाय, असं म्हणत डॉक्टरबाई आपली तयारी करत होती, तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "काय करायचं असतं या साच्यावर?"

तिने तो उचलून सरळ त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा ना, भाऊ. हे पुढचे दात. इथून मागे चला. या दाढा."

ते बोटांच्या टोकांनी बघायला लागले. पुढच्या दातांवरून सावकाश, एकेक करत मागे गेले. माझे पुढचे दोन दात जरा एकावर एक आहेत, तिथे बोट थांबलं आणि ते हसल्यासारखे झाले. ते त्यांना आठवत असणार. मग मागच्या दाढांवर गेले. अंगठा दाढेवर ठेवून त्यांनी तो मागे-पुढे केला. पुन्हा केला. मग दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या तोंडात घालून आपली दाढ चाचपली आणि परत माझ्या दाढेवर आले.

"एवढ्या सपाट?" ते म्हणाले.

"हो," डॉक्टरबाई म्हणाली.

"दगडासारखं झालंय."

त्यांनी साचा परत दिला तो दोन्ही हातांनी, फार जपून. मग माझी खुर्ची मागे गेली, यंत्र सुरू झालं आणि मी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी तिने दाढा सारख्या केल्या, पुन्हा लगद्यात माप घेतलं आणि रंग जुळवायला नमुन्याच्या दातांची एक माळ माझ्या ओठांशी धरली. माप मुंबईला जाणार होतं, कवचं तिथे भाजून यायची होती. तोवर दाढांवर तात्पुरती पांढरी पुटं बसवून तिने आम्हाला घरी पाठवलं.

तारापूरकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. माझा अर्धा जबडा बधिर होता. ऊन चांगलंच होतं आणि वाऱ्यावर वसाहतीचा तो नेहमीचा आंबूस वास येत होता. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"मला वाटायचं, माझ्यावर खातेस," ते म्हणाले.

"काय?"

"दात. इतकी वर्षं मला वाटायचं, दिवसा काही बोलत नाही, सगळं नीट करते, आणि झोपली की माझ्यावर दात खाते. मी पडून ऐकायचो. म्हटलं, खाऊ दे. तेवढा तिचा हक्क आहे."

माझ्या तोंडाचा अर्धा भाग हलत नव्हता. मी म्हटलं, "झोपेतलं मला काय ठाऊक?"

खरं तर मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. ते त्याचीच वाट बघत होते. पण नाही म्हणायला जीभ वळेना, आणि ती बधिर होती म्हणून वळेना असं काही नव्हतं. एसटी आली. कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं, लोकांनी उठून जागा दिली.

कवचं मुंबईहून यायला वेळ लागला. तेवढ्या काळात मी भातावर आणि वरणावर राहिले. कामावर ड्रम भरताना मला मध्येच कळायचं की माझे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले आहेत. इतकी वर्षं कळलं नव्हतं, आता दिवसातून कितीदा तरी कळत होतं. मी तोंड उघडायची, जबडा सैल सोडायची, थोड्या वेळाने परत तेच. गेटातून आत जाताना तर हमखास.

कवचं बसवायच्या दिवशी डॉक्टरबाई खुशीत होती. तिने डबी उघडून मला दाखवली. कापसावर तीन तुकडे होते, नखाएवढे, बघायला अगदी खऱ्या दाढेचे माथे, खाचाखोचांसकट. दाढा कोरड्या करून, कसलंसं औषध लावून तिने एकेक चिकटवला आणि त्यावर निळा उजेड धरला. हे कोपऱ्यातून विचारत होते, "आता काय चाललंय?" आणि ती काम न थांबवता सांगत होती, "आता उजेडाने पक्कं करतेय, भाऊ. आता निळा कागद चावायला देतेय, कुठे उंच लागतंय ते कळतं." शेवटी तिने मला आरसा दिला. तोंडाच्या आत, मागे, जिथे कुणीच बघणार नव्हतं, तिथे माझ्या लहानपणच्या दाढा परत आल्या होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि ते कशाचं हे त्या मुलीला सांगता आलं नाही. तिला वाटलं दुखलं म्हणून.

जीभ काही दिवस सारखी तिथेच जायची. कुणीतरी पाहुणा घरात येऊन बसल्यासारखं वाटायचं. पण गार पाण्याची कळ गेली. मी भाकरी खाल्ली, भाजलेले शेंगदाणे खाल्ले.

झोपताना प्लास्टिकची पट्टी लावायला लागले तसा आवाज बंद झाला. आठवडाभर गेला असेल. एका रविवारी दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते. ते खांबाला टेकून बसले होते, चेहरा ओढलेला.

"झोप येत नाही हल्ली," ते म्हणाले.

"का?"

"काहीच ऐकू येत नाही. तू आहेस की नाही कळत नाही. एकदा तर हात पुढे करून बघितलं."

"मग दात खात होते ते बरं होतं का?"

"तेव्हा निदान कळायचं की तुझ्या मनात काहीतरी आहे." ते माझ्याकडे वळले. "जे असेल ते दिवसा बोल ना. मला ऐकू येतं अजून."

मी सूप खाली ठेवलं. कधी विचारायचं असं ठरवलेलं नव्हतं, पण शब्द तयारच होते.

"चष्मा का नव्हता लावला?"

कंपनीने सगळ्यांना संरक्षणाचे चष्मे दिलेले होते. त्या दिवशी त्यांचा चष्मा पाइपाजवळच्या खिळ्याला लटकवलेला होता. मला हे अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबरच्या एका कामगाराने सांगितलं होतं. मला ठाऊक आहे हे ह्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी तो शब्द काढला नव्हता.

त्यांनी काठी चाचपून जवळ ओढली. मग म्हणाले, "त्याच्यावर वाफ धरायची. लावला की काही दिसायचं नाही."

हे ऐकून मी ओरडले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. दिसायचं नाही म्हणून काढला, मग आता दिसतंय का, असंही बोलले असेन. आपण दोघं होतो, मला विचारायचं तरी, एवढासा चष्मा, असं काहीतरी. मला थांबता येईना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचाही आवाज चढला. "आणि तू? त्याच कंपनीत नोकरी धरलीस. मला विचारलंस? रोज त्या गेटातून आत जातेस. संध्याकाळी येतेस तेव्हा तुझ्या लुगड्याला तोच वास असतो. मला दिसत नाही, पण नाक आहे ना. रोज तो वास घरात येतो आणि मी म्हणतो, आलीस?"

"दुसरं काय करणार होते मी?"

"काही नाही. पण विचारायचं होतंस."

त्या दिवशी चूल पेटली नाही. चाळीतले लोक दारात येऊन उभे राहिले होते. शेवटी घरमालकीण आत आली, आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "झाला काय तुमाला? इतकी वरसं या खोलीत मानसं हायत का नाय तेच कळत नवतं, आन आज आक्का गाव ऐकतंय." मग ती बसली, माझ्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडायला लागली. कुणाची समजूत वगैरे काढली नाही तिने. तांदूळ निवडून झाल्यावर आपल्या घरी गेली आणि आमटीचं पातेलं पाठवून दिलं.

हे बोलणं झाल्यावर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आम्ही भांडायला लागलो. लहानसहान गोष्टींवरून भांडायचो, पण प्रत्येक वेळी गाडी चष्म्यावर नाहीतर गेटावर जाऊन थांबायची. एकदा त्यांनी चहाचा कप फेकला. एकदा मी दोन दिवस घरमालकिणीकडे झोपले. ज्या बायका नवऱ्यांना आमचं उदाहरण द्यायच्या त्या आता कुजबुजायच्या. पण मधूनच, भांडण सरल्यावर, ते एखादी जुनी गोष्ट सांगायचे, एखाद्या फोरमनची फजिती, आणि मला ती आधी सांगितलेली असली तरी मी ऐकायची.

एका कवचाला पुढे केसासारखी एक चीर गेली. मी पट्टी लावत होते, तरीही गेली. डॉक्टरबाईने ती बघून मान हलवली. म्हणाली, "हे दिवसाचं काम दिसतंय, ताई. दिवसापण दाबता तुम्ही." तिने कडा गुळगुळीत करून दिली आणि राहू द्या म्हणाली. नंतर लग्न होऊन ती पुण्याला गेली.

दोन पावसाळे असे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ह्यांना खोकला धरला तो सुटलाच नाही. पालघरच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं, तिथून घरी आणलं, पुन्हा ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलायला श्वास पुरायचा नाही, तेव्हा मीच बोलायची. चाळीतलं, कारखान्यातलं, कुणी काय भांडण काढलं ते. ते मान हलवायचे. एका दुपारी मी बोलत असतानाच त्यांनी मान हलवायची थांबवली. मला लगेच कळलं नाही. मी आणखी थोडं बोलत राहिले.

भाऊ मला न्यायला आला होता, सांगलीला चल म्हणाला. माझी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "शेवटची दोन वर्षं बिचाऱ्याला सुख नाही मिळालं. सारखी भांडणं." बोललो तेवढं त्याच दोन वर्षांत बोललो, हे कुणाला पटलं असतं? आधीची सात-आठ वर्षं त्या पडवीत आम्ही किती नीट वागलो होतो, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मी भावाबरोबर गेले नाही. तेरावं झालं आणि मी कामावर हजर झाले.